नॉर्थ पोल शहराचा विकास कसा करावा

समजा उद्या तुम्हाला फोन आला की अलास्कात नॉर्थ पोल नावाचं शहर आहे, 2020 च्या जनगणनेत लोकसंख्या 2,243, नॉर्थ पोल म्हणजे उत्तर ध्रुव आणि सांताक्लॉज तिथे राहतो अशी समजूत, म्हणून बाराही महिने ख्रिसमस चालू असतो आणि त्यांना विकास करायचाय, तर तुम्ही कन्सल्टंट म्हणून या. घाबरून नाही म्हणू नका. विकास करायला त्या गावची माहिती लागते ही जुनी समजूत आहे, आपल्याकडच्या स्मार्ट सिटीवाल्यांना कुठे लागली होती. खाली दिलंय तेवढं वाचून गेलात तरी मीटिंग निभावून न्याल.

आधी पत्ता नीट समजून घ्या कारण इथेच लोक फसतात. फेअरबँक्सला विमानातून उतरायचं आणि तिथून आग्नेयेला वीसेक किलोमीटर जायचं, म्हणजे उत्तर ध्रुवावर पोचायचं असेल तर दक्षिणेकडे तोंड करून निघायचं. खरा ध्रुव तिथून अजून 2,800 किलोमीटर वर, आर्क्टिक सर्कल म्हणजे उत्तर ध्रुववृत्तसुद्धा दोनशे किलोमीटर लांब. मीटिंगमध्ये कोणीतरी आगाऊ माणूस हा मुद्दा काढणारच, तेव्हा उत्तर तयार ठेवा. शहर हलवता येत नाही हे मान्य, पण ध्रुव हलतो ना! होकायंत्राची सुई ज्याच्याकडे बघते तो चुंबकीय ध्रुव गेली कित्येक वर्षं कॅनडाकडून सायबेरियाकडे सरकत चाललाय, एवीतेवी घराबाहेर पडलाच आहे तर त्याला नॉर्थ पोलला एक विनंती थांबा द्यायला काय हरकत आहे. अर्ज करून ठेवा. मंजूर नाही झाला तरी "प्रस्ताव विचाराधीन" एवढं ब्रोशरमध्ये छापता येतं.

नाव बदलायचा सल्ला मात्र चुकूनही देऊ नका, त्या नावावर सगळा डोलारा आहे. 1944 साली डेव्हिस नावाच्या जोडप्याने तिथे सरकारी नियमाने जमीन घेतली, पुढे डाल अँड गॅस्के नावाच्या डेव्हलपर कंपनीने ती विकत घेऊन प्लॉट पाडले आणि नाव ठेवलं नॉर्थ पोल. आयडिया अशी की एखादा खेळणी बनवणारा कारखानदार हे नाव बघून धावत येईल, कारण त्याला बाहुलीच्या पाठीवर "मेड इन नॉर्थ पोल" छापता येईल. 15 जानेवारी 1953 ला रीतसर नगरपालिका पण झाली. कारखाना काही आला नाही. आता तुम्ही विचाराल की उणे चाळीस डिग्रीत प्लास्टिक वर न्यायचं, बाहुल्या बनवायच्या आणि परत हजारो किलोमीटर खाली विकायला आणायच्या हे कुठल्या हिशोबात बसत होतं. विचारू नका. हिशोब करणारी माणसं प्लॉट पाडत नाहीत.

आणि कारखाना आला नाही म्हणून आशा सोडायचं कारण नाही. सत्तर वर्षं म्हणजे काहीच नाही, आपल्याकडे अशा एमआयडीसी आहेत जिथे बोर्ड गंजून खाली पडला तरी "लवकरच" हा शब्द अजून वाचता येतो. तोवर माल कुठूनही मागवा आणि लेबल तेवढं नॉर्थ पोलमध्ये चिकटवा, अर्धा उद्योग तर झालाच.

गंमत अशी की जे खरंच चाललं ते कोणाच्याच आराखड्यात नव्हतं. कॉन मिलर नावाचा गृहस्थ आसपासच्या खेड्यांत व्यापाराला फिरायचा, ख्रिसमसला लाल डगला घालून पोरांना खूश करायचा, त्याने आणि बायको नेलीने 1952 मध्ये हायवेच्या कडेला दुकान काढलं आणि नाव ठेवलं सांताक्लॉज हाऊस. ते आजही धो धो चालतं. बाहेर साधारण 42 फुटी फायबरग्लासचा सांता उभाय, रस्त्याचे दिव्याचे खांब लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे, गल्ल्यांची नावं सांताक्लॉज लेन, स्नोमॅन लेन वगैरे. पुतळ्याच्या उंचीबद्दल मराठी माणसाने वेगळा सल्ला द्यायची गरज नाही, तुमच्या तोंडून आपोआपच "वाढवूया" निघेल.

खरा पैसा जमिनीत आहे. त्याच दुकानात नॉर्थ पोलची एक चौरस इंच जमीन तुमच्या नावाच्या छापील कागदासकट विकत मिळते, भेट द्यायला. हसू नका, गणित करा. शहर साधारण 11 चौरस किलोमीटर, म्हणजे सतराशे कोटी चौरस इंच, म्हणजे पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाला दोन इंच देऊन वर थोडी शिल्लक राहते. एवढा लँड बँक कोणाकडे आहे सांगा. लगेच एफएसआय अडीच करून टाका, इंचावर अडीच इंच. शेजारच्या चार इंचवाल्यांना गोळा करून सोसायटी, मग मेंटेनन्स, मग पार्किंगवरून भांडणं, मग रिडेव्हलपमेंट, पुढची पन्नास वर्षं कामाला तोटा नाही. आणि आपला तर तिथे हक्कच आहे, लोकमान्य टिळकांनी 1903 सालीच पुस्तकभर मांडून ठेवलंय की आर्यांचं मूळ घर उत्तर ध्रुवाकडे होतं, त्यामुळे वारस नोंद लावून सात-बारावर आपली नावं चढवायला पाहिजेत. फक्त तिथला तलाठी कुठे बसतो ते शोधावं लागेल.

आता अडचणी. त्या असतातच, आपण त्यांना "संधी" म्हणायचं.

पहिली संधी म्हणजे उजेड. पर्यटकांची मोठी गर्दी येते उन्हाळ्यात, आणि जूनमध्ये तिथे सूर्य एकवीस-बावीस तास वर असतो, उरलेल्या वेळातही धड अंधार होत नाही. त्यात तुमच्या लाइटिंगच्या माळा कोणाला दिसणार? टीशर्ट घालून डास मारत मारत लोक "मेरी ख्रिसमस" म्हणतात. उलट डिसेंबरच्या शेवटी दिवस जेमतेम पावणेचार तासांचा, अंधारच अंधार, नुसता वाया जातो. म्हणजे अंधाराची टंचाई नाहीये, नियोजन नाहीये. डिसेंबरचा अंधार साठवून जूनमध्ये सोडायची योजना मांडा, धरण बांधा म्हटलं की बजेट आपोआप मंजूर होतं, अंधार अडला का जिरला हे नंतर कोण बघतंय.

दुसरी संधी थंडी. उणे चाळीसला एक फायदा आहे की तिथे सेल्सियस आणि फॅरनहाइट एकाच आकड्यावर येतात, अमेरिकन माणूस आणि उरलेलं जग यांचं तापमानाबद्दल एकमत होणारी ही एकमेव जागा. अशा थंडीत गाडी नुसती उभी ठेवली तर इंजिन गोठतं म्हणून तिकडच्या गाड्यांना इंजिन गरम ठेवायचा हीटर असतो आणि बॉनेटमधून त्याची वायर लोंबत असते, पार्किंगमध्ये आल्यावर ती सॉकेटला लावायची. एवढा फोटो काढा आणि जाहीर करून टाका, शंभर टक्के इलेक्ट्रिक शहर. फोटोत पेट्रोल दिसत नाही.

तिसरी संधी धूर, आणि ही जरा नाजूक आहे. हिवाळ्यात तिथे थंड हवा जमिनीलगत अडकून बसते, वर गरम हवेचं झाकण, आणि घराघरांत लाकडाच्या शेगड्या पेटलेल्या, त्यामुळे फेअरबँक्स आणि नॉर्थ पोलची हिवाळ्यातली हवा अमेरिकेतल्या सगळ्यात वाईट हवांमध्ये मोजली जाते. बारीक धूलिकणांच्या बाबतीत केंद्राच्या मापात हा भाग नापास आहे. हवा फार बिघडली की शेगड्या बंद ठेवा असा इशारा येतो. आता बघा पेच. चिमणी हा सांताचा एकमेव अधिकृत रस्ता आणि तोच शहरातला प्रदूषणाचा मुख्य मुद्दा. शेगडी पेटवली तर सांता भाजणार, नाही पेटवली तर बाहेर उणे चाळीसमध्ये आपण. तेलावर घर तापवायचं तर बिल बघून माणूस परत लाकडाकडे वळतो, म्हणून हे मिटत नाही, मूर्ख आहेत म्हणून नाही. तुम्ही मात्र कमिटीला सांगा की चिमण्यांना सम-विषम लावा, घर नंबर सम असेल त्यांच्याकडे सांता 24 तारखेला, विषमवाल्यांकडे 25 ला. आणि जो धूर आहे त्याला "नैसर्गिक धुकं" म्हणा, हिल स्टेशनला लोक त्याचेच पैसे देतात.

पाण्याचा विषय आला तर चहा मागवा. तिथे एक रिफायनरी होती, तिच्यातून सल्फोलेन नावाचं केमिकल जमिनीखालच्या पाण्यात मुरलं आणि शहराखाली पसरत गेलं, लोकांच्या बोअरवेल गेल्या, बाटलीचं पाणी प्यायची वेळ आली, 2014 मध्ये रिफायनरीनेही गाशा गुंडाळला. नंतर नळाची पाइपलाइन घरोघर वाढवली. याच्यावर माझ्याकडे कुठलीच गमतीदार आयडिया नाही. चहा आला की पुढच्या स्लाइडवर जा.

राजकीय पाठबळाची काळजी नको. 2015 साली नॉर्थ पोलच्या नगर परिषदेवर कायदेशीर नाव सांताक्लॉज असलेले दाढीवाले गृहस्थ निवडून आले, आणि 2022 मध्ये ते थेट अमेरिकेच्या संसदेला उभे राहिले, पोटनिवडणुकीच्या पहिल्या फेरीत 48 उमेदवार होते, त्यात अलास्काच्या माजी गव्हर्नर सारा पेलिन पण, आणि सांता सहावे आले. आपल्याकडे हे जमलं नसतं. ज्या माणसाचा व्यवसायच घरोघरी रात्री जाऊन वस्तू वाटणं आहे त्याचा अर्ज आचारसंहितेत पहिल्याच दिवशी बाद, आणि अर्ज बाद करायला लावणारे स्वतः मागच्या दाराने कुकर वाटत असणार. मतदार यादीचं कामही सोपं आहे, त्याच्याकडे चांगली पोरं आणि वाईट पोरं अशी तयार यादी असते, पक्षाला अजून काय हवं.

विमानतळ हवाच असा हट्ट कोणी धरला तर जवळच्या आयल्सन तळाकडे बोट दाखवा, तिथे हवाई दलाची 54 एफ-35 विमानं आणून ठेवलीत. सांताची गाडी ओढणारे रेनडिअर पुरेसे नाहीत हे संरक्षण खात्याला आधीच कळलेलं दिसतंय. डोक्यावरून ती गेली की खिडक्या थरथरतात, तेवढी घंटा पुरे.

राहता राहिली स्पर्धा. फिनलंडमध्ये रोव्हानिएमी आहे, तिथे 1985 पासून सांताचं गाव थाटलंय, जमिनीवर आर्क्टिक सर्कलची रेघ मारून ठेवलीय, लोक रेघेवर एक पाय इकडे एक पाय तिकडे करून फोटो काढतात आणि अर्धं युरोप तिथे उतरतं. पण ती रेघही जागेवर नाहीये! पृथ्वीच्या आसाचा कल थोडा थोडा बदलतो तसं आर्क्टिक सर्कल दरवर्षी काही मीटर सरकतं, रंग मारलेली रेघ मात्र तिथेच. मोजणी मागवा, भूमी अभिलेखवाल्यांना घेऊन जा, दोन्ही सांतांना पंचनाम्यावर सह्या करायला लावा. आपला सांता ध्रुवापासून 2,800 किलोमीटर चुकलाय हे त्या वेळी कोणी काढलं तर तुम्ही मघाचा तो चुंबकीय अर्ज दाखवायचा, प्रस्ताव विचाराधीन.

एवढं झालं की बिल लावा. फी डॉलरमध्ये आणि अॅडव्हान्स. नगरपालिका लहान आहे, रोख नसेल तर जमीन देऊ म्हणतील, चौरस इंचात. घ्यायला हरकत नाही, पण रिचर्डसन हायवे शहरातूनच जातो, तेव्हा रोड टच इंच मागा, आतला घेऊ नका, नंतर शेजारी वाट देत नाही.