‘थोडा अभ्यास केला असता तर’ या प्रतिक्रियेला उत्तर

घरी बनवलेल्या दोन भागांच्या कीबोर्डची जोडणी मी पोस्टमध्ये सांगितली होती : मध्ये टीआरआरएस वायर, म्हणजे हेडफोनसारख्या ३.५ मिलिमीटरच्या पिनेची, आणि दोन्ही भागांचं आपसातलं बोलणं आय-टू-सी या दोन तारांच्या पद्धतीने. त्या पोस्टखाली तुम्ही लिहिलेत : “थोडा अभ्यास केला असता तर बरं झालं असतं. टीआरआरएस वायर चालू कीबोर्डमधून ओढली की शॉर्ट होतो. टाइप-सी लावायची. आय-टू-सीला रेझिस्टर लागतात, तेही सांगितलं नाही. सोल्डरिंग तर बघवत नाही.”

भाऊ, चूक दाखवल्याचं वाईट वाटलं नाही. ‘थोडा अभ्यास’ हे दोन शब्द मात्र लागले. ओळख ना पाळख, आणि समोरच्याने अभ्यास केलेला नाही हे तुम्ही ठरवून मोकळे!

भुसावळला वडिलांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. सातवीपासून मी तिथे बसलो. मे महिन्यात बाहेर ४५ अंश आणि आत पंखा बंद, कारण वाऱ्याने सोल्डरिंग आयर्नचं टोक गार पडतं आणि ड्राय सोल्डर होतं, म्हणजे जोड कच्चा राहतो. हेडफोनचे जॅक किती बदलले याचा हिशोब नाही. ३.५ मिलिमीटरच्या जॅकमध्ये काय होतं, ते मी त्या स्टुलावर बसून शिकलोय.

तर ऐका. त्या पिनेवर टोक धरून चार कड्या असतात. आय-टू-सीमध्ये एकीवर ५ व्होल्ट, एक ग्राउंड, उरलेल्या दोन एसडीए (डेटा) आणि एससीएल (क्लॉक). पिन आत-बाहेर सरकताना कड्या जॅकमधल्या दुसऱ्याच कडीच्या पत्तीला घासून जातात. त्या क्षणी ५ व्होल्ट ग्राउंडला किंवा डेटाला टेकले की कंट्रोलर, म्हणजे कीबोर्ड चालवणारा छोटा बोर्ड, जाऊ शकतो. माझा एक प्रो मायक्रो बोर्ड असाच गेला. म्हणून तर पोस्टमध्ये लिहिलं होतं : ‘आधी यूएसबी काढा, मगच मधली वायर.’ शेवटून दुसरा परिच्छेद. तिथपर्यंत पोचलात का? दुसऱ्याला अभ्यास सांगणाऱ्याने निदान समोरची पोस्ट तरी पुरती वाचावी.

टाइप-सी लावली की मधलं पोर्ट आणि कॉम्प्युटरचं पोर्ट सारखंच दिसतं. घरात लहान मुलं आहेत, कोणीतरी लॅपटॉपची वायर भलत्याच पोर्टात घालणार. मला ते नको. विषय संपला.

रेझिस्टरचं मात्र बरोबर आहे. एसडीए आणि एससीएल दोन्हींवर ४.७ किलो-ओहमचा एकेक, ५ व्होल्टला जोडून. एकाच भागावर लावले तरी पुरतात. मी लावलेत, लिहायचं राहिलं. आज पोस्टमध्ये भर घातली आहे.

सोल्डरिंगचा फोटो रात्रीचा, मोबाइलवर काढलेला आहे. प्रत्येक जोड मल्टिमीटरवर बीप ऐकूनच पुढे गेलोय. त्यावर आणखी बोलायची माझी इच्छा नाही.