स्लॅक कसला म्हणजे ब्रेक दुरुस्त झाला असं नाही

कापूस आणि संत्र्याचा हंगाम लागला की गाडीवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा फिरायला लागतो: 'जुन्या ट्रकचा ब्रेक स्वतःच ठीक करा, मिस्त्रीचे पैसे वाचवा.' त्यातले उपाय थोडक्यात असे. ब्रेक कमी लागला तर सगळ्या चाकांचे स्लॅक (ब्रेकच्या दांडीची चाल कमी-जास्त करणारे अॅडजस्टर) पान्याने कसा. गाडी ज्या बाजूला ओढते त्या बाजूचे लायनर (ड्रमला घासून चाक थांबवणारं अस्तर) बदला. हवा उशिरा भरते म्हणजे कंप्रेसर गेला. घाटात ब्रेक पंप करत उतरा आणि ड्रम तापले तर पाणी मारा. आणि शेवटी, हवा गेली तरी भिऊ नका, स्प्रिंग ब्रेक (हवेऐवजी स्प्रिंगच्या जोरावर लागणारा) आपोआप लागतो.

वणीचा कोळसा असो की वरुडची संत्री, आपल्याकडे माल ओढणाऱ्या कितीतरी गाड्या जुन्या आणि पूर्ण एअर ब्रेकच्या, म्हणजे हवेच्या दाबाने ब्रेक लागणाऱ्या, आहेत. हे उपाय वाचून कोणी भरलेली गाडी परतवाड्याहून सेमाडोहच्या घाटात घातली तर काय होईल, या काळजीपोटी हे लिहितो आहे.

'ब्रेक कमी लागला तर स्लॅक कसा.' सगळ्यात जास्त नुकसान हाच सल्ला करतो, कारण तो अर्धा खरा आहे. लायनर झिजला की चेंबरची (हवेच्या दाबाने ब्रेक ढकलणाऱ्या डब्याची) दांडी जास्त बाहेर येते आणि स्लॅक अॅडजस्ट करावाच लागतो. पण दांडी जास्त का येते आहे, हे न पाहता पाना फिरवला तर दोष आतच राहतो.

पाहायची पद्धत सोपी आहे. गाडी सपाट जागी, ड्रम थंड, चाकांखाली दगड किंवा लाकडाचा ठोकळा, हँडब्रेक सोडलेला, हवेचा दाब ६ ते ७ किलो, इंजिन बंद. चेंबरच्या तोंडाशी दांडीवर खडूने खूण करा, दुसऱ्याला ब्रेक पूर्ण दाबून धरायला सांगा आणि खूण किती पुढे सरकली ते मोजा. ३० नंबरच्या साध्या चेंबरची एकूण चाल अडीच इंच असते. खूण २ इंचांच्या पलीकडे गेली तर तो ब्रेक भरवशाचा नाही. ब्रेक दाबलेला असताना दांडी आणि स्लॅकचा हात यांच्यात साधारण काटकोन हवा. काटकोनाच्या फार पुढे गेलेला हात हवा तेवढीच खातो, पण लायनर ड्रमवर दाबणाऱ्या कॅमला पीळ कमी देतो.

मोजमाप थंड ड्रमवर का, तेही समजून घ्या. तापलेला ड्रम फुगतो, म्हणजे शू (लायनर बसवलेला भाग) आणि ड्रममधलं अंतर वाढतं आणि दांडीला आणखी पुढे यावं लागतं. म्हणून यवतमाळ ते वणी सपाटीवर ठीक वाटणारा ब्रेक घाटाच्या मध्यावर दगा देतो.

साधा स्लॅक असेल तर शू ड्रमला टेकेपर्यंत कसायचा आणि मग साधारण पाव ते अर्धा फेरा सोडायचा. मग चाक हाताने मोकळं फिरलं पाहिजे. न सोडता तसाच ठेवला तर ब्रेक सतत घासतो. मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात असं चाक हबचं ग्रीस वितळवतं आणि टायरही खातं. नीट अॅडजस्ट करूनही दांडी लांबच येत असेल तर एस-कॅमचे बुश, रोलर किंवा ड्रम झिजला आहे. फार झिजलेल्या लायनर-ड्रमवर कॅम पलटी खाऊन ब्रेक जाम होऊ शकतो. तिथे ड्रम खोलण्याला पर्याय नाही. ऑटो स्लॅक (आपोआप अॅडजस्ट होणारा) असलेल्या गाडीत तर पुन्हा पुन्हा हाताने कसावं लागणं हीच दोषाची खूण. अॅडजस्टर तरी गेला आहे किंवा कॅमचे बुश तरी.

'ज्या बाजूला ओढते त्या बाजूचा ब्रेक खराब.' बहुतेक वेळा उलट असतं. ब्रेक मारल्यावर गाडी डावीकडे ओढते, कारण डावं चाक नीट धरतं आणि उजवं धरत नाही. मेसेज वाचून डावीकडचे चांगले लायनर काढाल आणि उजवीकडचा दोष तसाच राहील.

मोकळ्या रस्त्यावर कमी वेगात काही वेळा ब्रेक मारा, थांबा आणि चारही कोपऱ्यांचे ड्रम तपासा. दुरून ताप मोजणारी बंदूक असेल तर उत्तम. नसेल तर तळहात जवळ न्या, पण टेकवू नका. पुढच्या दोन ड्रमपैकी जो थंड तो काम करत नाही. एक बेसुमार गरम असेल तर तो सुटतच नाही. थंड ड्रमच्या चाकाला आतून काळे चिकट ओघळ दिसले तर हबचं ऑइल सील गेलं आहे आणि लायनर तेल प्यायला आहे. काही जण असा लायनर पेट्रोलने पुसून पुन्हा बसवतात, पण ते चालत नाही. तो तापला की मुरलेलं तेल परत वर येतं. आधी सील बदला, मग त्या अॅक्सलच्या दोन्ही बाजूंचे लायनर एकाच वेळी बदला. चेंबरमधला रबरी डायाफ्राम फाटला असेल तर पेडल दाबल्यावर त्या चेंबरमधून फुसफुस ऐकू येते. ब्रेक चोख असूनही ओढत असेल तर यू-बोल्ट आणि पाट्याचा सेंटर बोल्ट पाहा. अॅक्सल सरकला असेल तर लायनर बदलून काही होणार नाही.

'हवा उशिरा भरते म्हणजे कंप्रेसर गेला.' कधी कधी जातो. टाकीच्या कॉकमधून निघणाऱ्या पाण्यात बरंच तेल असेल तर कंप्रेसरच्या रिंगांवर संशय घ्यावाच. पण आधी हवा भरून इंजिन बंद करा, ब्रेक दाबून धरा आणि हवेच्या दाबाचा काटा पाहा. एका मिनिटात तो ०.२ किलोपेक्षा जास्त उतरला तर गळती शोधा. साबणाचं पाणी जोडांवर, चेंबरवर आणि पेडलखालच्या व्हॉल्व्हवर टाका. गळती नसेल तर एअर फिल्टर, अनलोडर (टाकी भरली की कंप्रेसरचं हवा भरणं थांबवणारा भाग) आणि कंप्रेसरपासून टाकीकडे जाणारा पाइप पाहा. तो कार्बनने आतून अर्धा बुजलेला असू शकतो. नवा कंप्रेसर त्याच पाइपवर बसवला की तक्रार तशीच राहते आणि पैसे गेलेले असतात.

'घाटात पंप करत उतरा.' ही सवय टाटा ४०७ सारख्या ऑइल ब्रेकच्या गाडीतून आली आहे. तिथे पंप केल्याने पेडल वर येऊ शकतं. एअर ब्रेकमध्ये पाय सोडला की चेंबरमधली हवा बाहेर जाते, म्हणजे प्रत्येक पंपाला टाकी रिकामी होते. न्यूट्रल केलं असेल तर आणखी वाईट, कारण इंजिनचा अडसर जातो आणि आयडलवर कंप्रेसर हळू भरतो. राजूर घाट असो की चिखलदरा, गिअर घाटाच्या तोंडाशीच खाली घ्या. वेग वाढला की एकदा ठाम दाबून तो उतरवा आणि पाय पूर्ण सोडा. तापलेल्या बिडाच्या ड्रमवर पाणी मारू नका, तो तडकतो. सपाट जागी ठोकळे लावा, हँडब्रेक सोडा आणि थंड होऊ द्या.

'हवा गेली तरी स्प्रिंग ब्रेक आहेच.' स्प्रिंग ब्रेक, म्हणजे हँडब्रेक ओढल्यावर लागतो तोच, हाही तोच स्लॅक, तोच कॅम, तोच लायनर वापरतो. दांडी लांब जात असेल तर स्प्रिंगही चाक धरणार नाही. शिवाय कितीतरी जुन्या गाड्यांत हवा गळणाऱ्या चेंबरची स्प्रिंग मागच्या बोल्टने ओढून बांधून ठेवलेली असते. 'चालते गाडी, काहून खर्च करता भाऊ' म्हणून ती तशीच वर्षभर फिरते. मागच्या अॅक्सलखाली वाकून पाहा. चेंबरच्या पाठीतून लांब बोल्ट बाहेर आलेला दिसला तर त्या चाकाला हँडब्रेक नाही आणि हवा गेल्यावरचा ब्रेकही नाही. तो चेंबर बदला, पण त्याचा स्प्रिंगकडचा भाग स्वतः कधीही खोलू नका. आतली स्प्रिंग दाबलेली असते आणि सुटली तर माणूस जागीच मरू शकतो. स्प्रिंग बोल्टने बांधून अख्खा चेंबर उतरवायचा आणि पूर्ण नवा बसवायचा. हे काम चेंबर नेहमी हाताळणाऱ्या मिस्त्रीकडूनच करून घ्या.