बुलेटप्रूफ जॅकेटला नऊ वर्षं का लागतात?

वाळूजला माझं छोटं मशीन शॉप आहे. तीन वर्षांपूर्वी संरक्षण खात्यासाठी माल बनवणाऱ्या एका कंपनीकडून एका पिनची चौकशी आली. बोटाएवढी पिन, ईएन-२४ मटेरियल, म्हणजे मजबूत मिश्र पोलाद, हार्डनिंग करून व्यासातला फरक दहा मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आत ठेवायचा. आमच्या पोरांनी रात्रपाळी करून अकरा सॅम्पल काढले. जीव ओतला, कारण फौजेचं काम होतं.

इन्स्पेक्शनची तारीख सात महिन्यांनी मिळाली. तोवर ड्रॉइंग बदललेलं, चॅम्फर म्हणजे कडेचा तिरपा उतार वेगळा. पुन्हा सॅम्पल केले. मग साहेबांची बदली झाली. गाड्यांच्या कंपन्या दरात पिळतात हे खरं, पण तिथं सॅम्पल पास की नापास हे महिन्याच्या आत कळतं आणि फोन उचलणारा एक माणूस असतो.

मोठ्या खरेदीतही तेच दिसतं. जवानांच्या बुलेटप्रूफ जॅकेटची गरज मंजूर झाली २००९ मध्ये. १ लाख ८६ हजार जॅकेटचा करार व्हायला एप्रिल २०१८ उजाडला. एका बंदुकीला बॅरल बदलून दोन कॅलिबरच्या, म्हणजे दोन वेगळ्या व्यासांच्या गोळ्या चालाव्यात अशी अट घालून २०११ ला रायफलचं टेंडर काढलं, ते २०१५ ला रद्द झालं. आधी मागणीच अवघड लिहायची, मग चाचणीत कुणी बसत नाही म्हणून नव्यानं सुरुवात करायची. यात गेलेली वर्षं कुणाच्या खात्यावर मांडायची?

मला मूळ दुखणं हे वाटतं: चुकीची सही केली तर चौकशी लागते, सही केलीच नाही तर कुणी विचारत नाही. बोफोर्सचा करार १९८६ चा. त्यावरून झालेला गदारोळ सगळ्यांना ठाऊक आहे. तीच तोफ कारगिलला कामी आली, पण त्यानंतरची नवी १५५ मिमीची तोफ तोफखान्यात यायला नोव्हेंबर २०१८ लागला. आपल्या देवळालीत तो कार्यक्रम झाला होता. भ्रष्टाचाराला आळा हवाच. पण बत्तीस वर्षं तोफ न घेणं हा आळा कसा?

खरेदीची नियमपुस्तकं २००२ पासून कितीदा बदलली. टप्प्याटप्प्याच्या मुदतीही लिहिलेल्या असतात. माझं मागणं एवढंच की मुदत हुकली तर त्या टेबलावरच्या माणसाचं नाव नोंदवा आणि कारण लेखी घ्या. राजस्थानच्या उन्हात आणि लडाखच्या थंडीत चाचणी कडक घ्या, त्यात सूट नको. पण चाचणी सुरू झाल्यावर ड्रॉइंगला हात लावू नका. लहान कारखान्याला आधी शंभर नगांची तरी ऑर्डर द्या. माल घेतल्यावर ४५ दिवसांत पैसे देण्याचा कायदा २००६ पासून आहेच, तो पाळा.

आमच्या केज तालुक्यात पहाटे पाचला रस्त्यानं पोरं भरतीसाठी पळत असतात. माझा भाचा त्यातूनच फौजेत गेला. दिवाळीला आला तेव्हा दुकानात बसला होता. ड्रॉवरमधली ती पिन बोटांत फिरवत म्हणाला, “मामा, फिनिश लई भारी आलंय. गेली का मग पुढं?”

तिसऱ्यांदा इन्स्पेक्शनची तारीख मागितलीय, असं त्याला सांगितलं. पिनेला तेल लावून त्यानं ती कागदात गुंडाळून परत ठेवली.