पैसे मोजले आम्ही, वर चोरही आम्हीच?

ऐंशीच्या दशकातल्या कमोडोर ६४ या घरगुती कॉम्प्युटरवाल्यांनो, त्याच्या १५४१ फ्लॉपी ड्राइव्हची खडखड आठवतेय का? गेम लोड होताना आत कोणीतरी हातोडी घेऊन बसलंय असंच वाटायचं. का, तर कोणी चोरून कॉपी करू नये म्हणून कंपन्यांनी गेमच्या डिस्कवर मुद्दाम खराब सेक्टर (डेटा साठवायचे कप्पे) टाकलेले, साध्या कॉपीत ते यायचे नाहीत आणि मग गेम म्हणणार, चल फूट. पण ते वाचताना एरर आली की ड्राइव्ह बिचारा डिस्क वाचणारं हेड मागे नेऊन आपटणार, परत आपटणार, आणि असं करता करता हेडची अलाइनमेंट, म्हणजे नेमकी जागा, गेली की मग ओरिजिनल डिस्कसुद्धा वाचत नाही! वा रे न्याय.

बरं, बॅकअप काय चैन म्हणून हवा होता? सव्वापाच इंची फ्लॉपी ती, पापडाएवढी नाजूक. बोट लागलं, चहा सांडला, स्पीकरजवळ राहिली, संपला विषय. अमेरिकेत तर १९८० पासून कायदाच म्हणत होता की मालकाला जपून ठेवायला कॉपी करता येते. कायदा हो म्हणतो, डिस्क नाही म्हणते, बसा आता.

स्पेक्ट्रम या दुसऱ्या घरगुती कॉम्प्युटरवाल्यांचं तर विचारूच नका. एलिट या गेमबरोबर ती प्लास्टिकची लेन्सलॉक, म्हणजे स्क्रीनवरची विस्कटलेली अक्षरं जुळवून दाखवणारी लेन्स, टीव्हीच्या काचेला लावून, एक डोळा मिटून दोन अक्षरं ओळखून टाइप करायची, तरच गेम सुरू, आणि टीव्ही फार मोठा किंवा फार छोटा असला तर ती अक्षरंही ओळखू यायची नाहीत. काही डब्यांत तर लेन्सच दुसऱ्या गेमची! आणि खऱ्या चोराला काय त्रास? क्रॅक केलेली कॉपी, ना लेन्स ना खडखड, गेम सुरू, तोही फुकटात.