‘नुसतं चेकिंग करून साडेतीन हजार घेतले’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार मॅडम,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तक्रार थोडक्यात अशी: सेकंडहँड ऑटोमॅटिक गाडी आम्ही दोन दिवस अडकवून ठेवली, लॅपटॉप लावून ‘नुसतं चेकिंग’ केलं, एकही पार्ट न बदलता ३,५०० रुपये घेतले आणि वर गिअरबॉक्सचे ८०,००० सांगून घाबरवलं. मग दुसऱ्या गॅरेजने ९,००० मध्ये ऑइल बदलून दिलं आणि गेले तीन आठवडे गाडी मस्त पळतेय. खाली दोघा-तिघांनी ‘लुटारू’ वगैरे लिहिलंय, म्हणून उत्तर इथेच देतो. गाडी कोणत्या कंपनीची, कुणाकडून घेतली, हे लिहीत नाही. ती तुमची बाब आहे.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो. ऑइल बदलून गाडी सुधारली याचं आम्हाला जराही नवल वाटलं नाही, कारण आमच्या जॉब कार्डाच्या मागच्या बाजूला पहिलं काम म्हणून तेच लिहिलेलं आहे. ८०,००० चा आकडा त्याच पानावर तिसऱ्या क्रमांकाला आहे आणि त्याच्यापुढे ‘पहिल्या दोन कामांनी फरक पडला नाही तरच’ असं लिहून खाली रेघ मारलेली आहे. गाडी तुमचे दीर घेऊन आले होते, कार्डावर नंबर त्यांचा होता, त्यामुळे फोनही त्यांनाच केला. ‘घरी विचारून सांगतो’ म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन गेले. त्यात गैर काहीच नाही. काम कुठे करायचं हे ज्याची गाडी त्याने ठरवायचं. पण कार्ड डॅशबोर्डच्या कप्प्यात असेल, एकदा काढून वाचा एवढी विनंती.

आता दोन दिवस काय चाललं होतं ते सांगतो.

तुमची गाडी टॉर्क कन्व्हर्टरवाली, चार गिअरची जुनी ऑटोमॅटिक आहे. हे आधी सांगावं लागतं, कारण रिव्ह्यूत तुम्ही लिहिलंय की ओळखीच्या एका मेकॅनिकने ‘क्लच प्लेट गेली असेल, पंधरा हजारात होईल’ असं सांगितलं होतं. तो बिचारा एएमटीच्या हिशोबाने बोलला असणार. २०१४ मध्ये सेलेरिओ आल्यापासून आपल्याकडे ऑटोमॅटिक म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एएमटीच येते. एएमटी म्हणजे नेहमीचाच मॅन्युअल गिअरबॉक्स, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. तिला क्लच प्लेट असते. तुमच्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तशी प्लेट नाहीच. इंजिनची ताकद कन्व्हर्टरमधल्या ऑइलमधून पुढे जाते, गिअर बदलायचं कामही ऑइलच्याच दाबावर होतं. त्यामुळे अशा गाडीत पहिला संशय ऑइलवर घ्यायचा आणि गिअरबॉक्स उघडायची गोष्ट सगळ्यात शेवटी काढायची.

तुमच्या दिरांनी तीन त्रास सांगितले. साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात रेस वाढते पण गाडी ओढत नाही. सपाट रस्त्यावर साठच्या आसपास, रंबल स्ट्रिपवरून गेल्यासारखी थरथर होते. आणि डी (पुढे) किंवा आर (रिव्हर्स) टाकलं की खालून ‘धप्प’. तिन्ही एकाच गिअरबॉक्सचं दुखणं असेल असं कुणालाही वाटेल. पण तीन त्रासांची तीन वेगळी कारणं निघाली आणि ती वेगळी काढणं हेच ते ‘नुसतं चेकिंग’.

गाडी रात्रभर ठेवून घेतली ती थंड इंजिनवर पाहायची म्हणून. गरम गाडीत डी टाकल्यावर गिअर लगेच लागतो आणि तीच गाडी सकाळी थंड असताना वेळ घेते, असं या गिअरबॉक्समध्ये सर्रास होतं. तुमच्या गाडीने सकाळी एक-दीड सेकंदात गिअर घेतला. म्हणजे त्या बाजूने चिंतेचं काही नव्हतं आणि ही चांगली बातमी कार्डावर लिहिलेलीही आहे. ‘धप्प’ आवाज मात्र तेव्हाही आला. एकाने ब्रेक धरून डी-आर-डी केलं, दुसऱ्याने बॉनेट उघडून पाहिलं, तर अख्खं इंजिन उडी मारत होतं. इंजिन धरून ठेवणाऱ्या माउंटिंगचं रबर फाटलंय. त्या आवाजाचा गिअरबॉक्सशी काही संबंध नाही.

लॅपटॉपचं म्हणाल तर तुम्ही लिहिलंय की हजार रुपयांचा स्कॅनर मोबाइलला जोडूनही बिघाडाचा कोड दिसतो. दिसतो ना! त्या स्वस्त स्कॅनरला पी०७०० दिसला असेल. त्या कोडचा अर्थ एवढाच, की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला काहीतरी सांगायचंय. दाराची बेल वाजली, पण बाहेर कोण आहे ते दार उघडल्याशिवाय कळत नाही, तसं. गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून पाहिलं तेव्हा आत पी०७४१ निघाला, म्हणजे कन्व्हर्टरचं लॉक-अप (वेग आल्यावर इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा आतला क्लच) नीट लागत नाही. आणि खरं सांगायचं तर हाही निकाल नव्हे. हा कोड सोलेनॉइडमुळे (ऑइलची वाट उघडझाप करणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) येतो, वायरिंगमुळे येतो, खराब ऑइलमुळे येतो आणि आतला क्लच झिजल्यामुळेही येतो. कोड वाचून थेट कन्व्हर्टर बदलणारे आहेत. तुमचे ८०,००० खरोखर तिथे गेले असते.

स्कॅनरवर आणखी एक गोष्ट दिसली. गाडीच्या स्वतःच्या बऱ्याचशा चाचण्या ‘अपूर्ण’ होत्या. जुने कोड पुसले की असं दिसतं. बॅटरी काढून लावली तरी दिसतं, त्यामुळे विकणाऱ्यावर आम्ही आरोप करत नाही. पण गाडी घेताना डॅशबोर्डवर एकही लाइट नव्हता आणि नंतर लगेच लागला, याचा उलगडा त्यातून होऊ शकतो. इथे वाचणारं कुणी सेकंडहँड ऑटोमॅटिक घ्यायच्या विचारात असेल तर त्यांच्यासाठी: मालकाला सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका, गेल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवून ती थंड आहे का बघा आणि कोड नाहीत एवढ्यावर न थांबता या चाचण्या पूर्ण झाल्यात का तेही विचारा.

थरथरीचं पाहू. साठच्या वेगाला अशी थरथर बहुतेकदा दोन कारणांनी येते. एकतर इंजिन मिसफायर करतंय (पेट्रोल नीट पेटत नाही), म्हणजे प्लग किंवा कॉइल. नाहीतर कन्व्हर्टरच्या आतला लॉक-अप क्लच धर-सोड करतोय. सीटवर बसणाऱ्याला दोन्ही सारखंच वाटतं. आम्ही बायपासवर ट्रायल घेतली, थरथर सुरू झाल्यावर अॅक्सिलरेटर तसाच धरून डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श केला. ब्रेकचा स्विच लागताच कॉम्प्युटर लॉक-अप सोडून देतो. थरथर तत्क्षणी थांबली. मिसफायर असता तर थांबली नसती. त्याच वेळी शेजारी बसलेला मुलगा स्क्रीनवर इंजिनचा आणि कन्व्हर्टरनंतरचा वेग पाहत होता. लॉक-अपमध्ये दोन्ही आकडे जवळजवळ एक व्हायला हवेत, ते झुलत होते. (हे कृपया गर्दीत आणि एकट्याने करू नका. डाव्या पायाला ब्रेक हळू दाबायची सवय नसते, मागचा येऊन धडकेल.)

ऑइलचं. इंजिन ऑइलसारखं हे सकाळी थंड इंजिनवर पाहून चालत नाही. ऑइल ७०-८० अंशांपर्यंत तापलेलं हवं, इंजिन चालू हवं, लीव्हर सगळ्या जागांवरून फिरवून पीमध्ये (पार्किंग) आणायचा आणि मग डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, काढून बघायची. तुमच्या गाडीला डिपस्टिक आहे हे नशीब, हल्लीच्या कित्येक गाड्यांना ती नसतेच. पातळी बरीच खाली होती. सपाटीला भागून जातं, पण चढावर पॅनमधलं (गिअरबॉक्सच्या तळाच्या भांड्यातलं) ऑइल एका बाजूला सरकतं, पंप हवा ओढतो, दाब पडतो आणि आतले क्लच घसरतात. म्हणून त्रास घाटातच. रंग गडद तपकिरी होता, पण जळका वास नव्हता. पांढऱ्या कागदावर थेंब टाकून पाहिला, काळा चुरा किंवा चमचमती धातूची कणी दिसली नाही. क्लच जळून गेलेल्या गिअरबॉक्सचं ऑइल असं नसतं. ऑइल कमी होतं म्हणूनच आम्ही स्टॉल टेस्ट केली नाही. ब्रेक दाबून डीमध्ये पूर्ण रेस देण्याची ती चाचणी पाच सेकंदांच्या वर करूच नये अशी असते. कमी ऑइलवर ती केली तर चांगला गिअरबॉक्स तिथेच जाळून ठेवायचा.

ऑइल गेलं कुठे, ते लिफ्टवर कळलं. डाव्या बाजूचा ड्राइव्ह शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) गिअरबॉक्समध्ये शिरतो तिथलं सील पाझरतंय.

म्हणून पहिलं काम लिहिलं ते असं: सील, पॅन उघडून फिल्टर, मॅन्युअलमधल्या स्पेसिफिकेशनचं ऑइल आणि माउंटिंग. एस्टिमेट १२,५००. ऑइल दोनदा काढून भरायचं, कारण एकदा बोल्ट उघडला की साधारण निम्मंच बाहेर येतं, उरलेलं कन्व्हर्टरमध्ये राहतं. जुन्या ऑइलमधली घर्षण सांभाळणारी द्रव्यं संपली की लॉक-अप क्लच थरथरतो, नव्या ऑइलने तो पुष्कळदा सुधारतो. पाचशेएक किलोमीटर चालवूनही थरथर राहिली, तर दुसरं काम सोलेनॉइड आणि व्हॉल्व्ह बॉडीचं (ऑइलचा दाब वाटून देणारा भाग). तिसऱ्याचं वर आलंच आहे.

३,५०० बद्दल. चेकिंग चार्ज काउंटरच्या मागे पाटीवर आहे, गाडी घेताना सांगितला होता, काम इथे केलं असतं तर बिलातून वजा झाला असता. तो परत करणार नाही. दोन माणसांचं काम आणि स्कॅनरचं दरवर्षीचं सबस्क्रिप्शन त्यातूनच निघतं. ‘फ्री चेकिंग’ करणाऱ्या ठिकाणी त्याचे पैसे पुढे कुठल्या ना कुठल्या पार्टमधून निघतात, असं माझं मत आहे. ते कुणाला पटणार नाही, चालेल.

आता तुमच्या कामाचं. त्या ९,००० च्या बिलात ‘ड्राइव्ह शाफ्ट ऑइल सील’ अशी ओळ आहे का पाहा. नसेल तर ऑइल पुन्हा हळूहळू कमी होणार आणि पुढच्या एखाद्या घाटात रेस वाढून गाडी ओढणार नाही. पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला बॅटरी मारून बघा, तांबूस ओल दिसली तर सील तसंच आहे. ऑइलच्या डब्यावरचा स्पेसिफिकेशन नंबर मॅन्युअलशी जुळतो का तेही विचारून घ्या. सीव्हीटीचं (पट्ट्यावर चालणाऱ्या वेगळ्या ऑटोमॅटिकचं) ऑइल यात चालत नाही. सील बदलायचं राहिलं असेल तर त्याच गॅरेजला सांगा, शाफ्ट काढताना थोडं ऑइल सांडेल, तेवढं भरून पातळी गरम इंजिनवरच पाहायला लावा. आमच्याकडे आलात तर नुसती पातळी बघायचे पैसे आम्ही कुणाकडूनच घेत नाही. सकाळी दहानंतर या, गुरुवारी गॅरेज बंद असतं.