पावती सोडून काय पण माग

जानेवारी आला की आमच्या बेळगावच्या उद्यमबागेतल्या कंपनीत एचआरची मेल येते. एचआरए, म्हणजे घरभाडं भत्त्यावरची टॅक्सची सूट, पायजे असेल तर भाड्याच्या पावत्या द्या, आणि वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर जात असेल तर घरमालकाचा पॅन नंबर. मेल लिहिणारी पोरगी स्वतःच्या घरात राहते, त्यामुळं तिला वाटतं मालक लोक बसकंडक्टरासारखी पावती फाडून देतात.

आमचे घरमालक काका वडगावात खाली राहतात, आम्ही वर. माणूस देवमाणूस, उगच खोटं कशाला बोला. ताप आला की काकूंची पेज वर येते, गणपतीत करंज्या येतात, फक्त कागद येत नाही. भाडं रोख, पाच तारखेच्या आत. फोनपे करू काय विचारलं तर म्हणाले, नको बाबा, ते रेकॉर्ड होतंय. आता रेकॉर्ड व्हावं म्हणूनच तर मी मागं लागलोय!

बरं, काकांकडं हिशेब नाही असं नाही ओ. एक लांबडी वही आहे, वर श्री, खाली माझ्या पाण्याच्या मोटरीच्या बिलाचे चाळीस रुपये राहिलेत ते लाल पेनानं, तारखेसकट. भाडं आलं की मात्र नुसती एक बारीक टिक, आकडा नाही काय नाही. घेतल्याचा पुरावा म्हणून ती टिक कोण मानणार.

तरी धीर करून विषय काढला.

"पावती कशाला रे? मी कुठं नाय म्हणालोय तू भाडं दिलंस म्हणून?"

मी म्हटलं काका, तुम्ही नाही, कंपनी म्हणते. आणि पाच हजाराच्या वर रोख असल्यावर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट पण लावायचं, त्याच्यावर सही.

"म्हणजे पैसे घेतले म्हणून सरकारला आपणच सांगायचं, वर तिकीट पण आपणच चिकटवायचं?"

मग मी टॅक्स समजावत बसलो. भाड्याच्या उत्पन्नातनं तीस टक्के सरळ वजा होतात, उरलेलं तुमच्या पेन्शनीत धरलं तरी टॅक्स बसायचा नाही. काकांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बसतच नाय तर मग त्यास्नी कळवायचं कशाला?" ह्याला उत्तर काय द्यायचं ते सीएला पण सुचलं नसतं.

भाडं साडेआठ हजार, म्हणजे वर्षाला एक लाख दोन हजार. दोन हजारासाठी पॅन. काका एक मिनिट पंख्याकडं बघत बसले आणि म्हणाले, "त्र्याऐंशीशे लिही की. नव्व्याण्णव हजार सहाशे होतंय." कागद नाही, कॅल्क्युलेटर नाही!

चालतंय की काका, म्हटलं, मग पुढच्या महिन्यापासनं तेवढंच देतो.

आतून काकूंच्या हसण्याचा आवाज आला. काकांनी चष्मा लावला, कपाटातली एलआयसीची पिशवी काढली, तिच्यातनं एक पाकीट, पाकिटातनं प्लास्टिकची पिशवी, तिच्यातनं पॅनकार्ड. फोटो काढू दिला नाही, स्वतः वाचून दाखवलं, एकेक अक्षर, मधेच दाराकडं बघत. सह्या पण केल्या, बारा महिन्यांच्या एकदम.

मी जिन्यापर्यंत आलो तर मागनं हाक. "आणि ऐक, ती टॅक्सची नवी रेजीम का काय आलीय न्हवं, त्यात पावती लागत नाय म्हणे. पुढच्या वर्षी तू ती घे की!"