गुण येईल ती नकली

कुटुंबात एखाद्याला बारीक अक्षरे वाचण्याची खोड आहे हे एकदा जाहीर झाले, की परीक्षकाचे पद त्याच्याकडे आपोआप चालून येते, आणि या पदाला ना मानधन असते ना निवृत्ती. माझ्याकडे सध्या वजन उतरवणाऱ्या वनौषधींच्या डब्या येतात. वहिनी डबी पुढ्यात ठेवतात, "भाऊजी, जरा बघता का, अस्सल आहे ना?" असे विचारतात, आणि त्या 'ना'वर एवढा जोर असतो की माझे उत्तर त्यांनी परस्परच ठरवून टाकले आहे हे मला कळून चुकते. पैसे अगोदरच दिलेले असल्यामुळे डबी अस्सल असणे ही सर्वांचीच गरज असते.

परीक्षेला मी वेष्टनापासून आरंभ करतो, कारण भिंगाने दिसण्यासारखे तेवढेच असते. खऱ्या होलोग्रामवर डबी तिरकी करताच आकृती आणि रंग बदलतात. वहिनींच्या डबीवरचा होलोग्राम मी सर्व कोनांतून निरखला, तेव्हा त्यात मला केवळ माझाच त्रासलेला चेहरा दिसला. मग बारकोड. १३ आकड्यांच्या बारकोडात शेवटचा आकडा पडताळणीचा असतो: पहिल्या १२ आकड्यांपैकी सम स्थानांवरच्या आकड्यांच्या बेरजेची तिप्पट करायची, तीत विषम स्थानांवरच्यांची बेरीज मिळवायची, आणि पुढच्या दहाच्या पटीला जेवढे कमी पडतील तेवढा तो शेवटचा आकडा आला पाहिजे. मी कागद-पेन्सिल घेऊन हे सारे केले आणि उत्तर चोख जुळले. जुळणारच, नक्कल करणारा मनुष्य मूळ डबीवरचा बारकोड जसाच्या तसा उचलतो, तो स्वतः गणिते करत बसत नाही.

बॅच क्रमांकाने मात्र मला हात दिला. वहिनींची डबी नुकतीच आलेली, तर त्यांच्या भाचीची कित्येक महिने कपाटात पडून असलेली. पण दोन्हींवर बॅच क्रमांक तोच, उत्पादनाची तारीख तीच, आणि 'नैसर्गिक' या शब्दातली वेलांटीची चूकही तीच. कारखान्यात हा मजकूर प्रत्येक खेपेला वेगळा उमटवला जातो. येथे तो वेष्टनाच्या चित्राबरोबरच एकदाचा छापून मोकळे झाले होते. शेजारी 'अमेरिकन एफडीएची मान्यता' असा सोनेरी शिक्का होता. अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन पूरक आहाराच्या गोळ्यांना बाजारात येण्यापूर्वी औषधांसारखी मान्यता देतच नाही, तेव्हा एवढा झळझळीत पुरावा गुन्हेगाराने स्वतःहून द्यावा याचे मला कौतुकच वाटले. 'आधी' आणि 'नंतर' या छायाचित्रांविषयी फार लिहीत नाही. वजन उतरल्यावर बाईंच्या गालाला चिकटलेली कानाची पाळी सुटी होऊन लोंबू लागली होती, एवढेच नोंदवतो.

घटकांच्या यादीत डझनभर वनस्पती होत्या आणि एका कॅप्सूलमध्ये त्यांचा दोन ग्रॅम अर्क असल्याचा दावा होता. त्या आकाराच्या कॅप्सूलमध्ये जेमतेम अर्धा ग्रॅम चूर्ण मावते. म्हणजे वजन घटवण्याचे कार्य लेबल छापून होताच सुरू झाले होते.

येथवर गंमत होती. खरी पंचाईत डबीच्या आत आहे, आणि तेथे माझे भिंग निरुपयोगी आहे. वनौषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा कॅप्सूलमध्ये पुनःपुन्हा सापडणारा पदार्थ म्हणजे सिब्युट्रामीन. हे एके काळी भूक मारण्याचे रीतसर औषध होते. हृदयविकार असलेल्यांना त्यामुळे झटका आणि पक्षाघात यांचा धोका वाढतो असे दिसून आल्यावर २०१० मध्ये युरोप व अमेरिकेत ते बाजारातून काढले गेले. त्याची मात्रा दहा-पंधरा मिलिग्रॅमची, त्यामुळे हिरव्या चूर्णात ते डोळ्यांना, नाकाला वा जिभेला सापडत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच लागते. दुसरा नेहमीचा पाहुणा म्हणजे फिनॉल्फ्थॅलीन, शाळेच्या प्रयोगशाळेत अल्कली मिळताच गुलाबी होणारे तेच. ते पूर्वी रेचक म्हणून वापरत, आणि कर्करोगाच्या शंकेवरून ते मागे पडले.

'शंभर टक्के नैसर्गिक' हे शब्द खरे असले तरी सुटका नाही. अमेरिकेत तेजोकोते नावाच्या मेक्सिकन झाडाचे मूळ म्हणून विकलेली उत्पादने २०२३च्या सुमारास तपासली गेली, तेव्हा त्यांतल्या कित्येकांत पिवळी कण्हेर निघाली. कण्हेर ही पूर्णपणे नैसर्गिक असते आणि हृदयाचे ठोकेही ती नैसर्गिकरीत्याच बिघडवते. १९९०च्या दशकाच्या आरंभी ब्रसेल्समधल्या एका वजन घटवण्याच्या उपचारात एका चिनी वनस्पतीच्या जागी भलतीच वनस्पती आली, तिच्यात अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल होते, आणि शंभरावर लोकांच्या मूत्रपिंडांना इजा झाली. त्यांतल्या अनेकांची मूत्रपिंडे कायमची निकामी झाली.

हे सारे मी वहिनींना सविस्तर सांगितले आणि वर बजावले की, ज्या वनौषधीने आठवड्याभरात भूक मरते, तोंडाला कोरड पडते, झोप उडते आणि छाती धडधडते, तिचा 'गुण' हाच तिच्याविरुद्धचा सर्वांत मोठा पुरावा होय. अशा वेळी गोळी तत्काळ थांबवावी आणि डबी घेऊन डॉक्टरांकडे जावे, फेकू मात्र नये, कारण आत काय होते हे त्या डबीवरूनच कळू शकते. प्रामाणिक चूर्णाकडून एवढ्या घाईची अपेक्षाच करता येत नाही. त्याने फरक पडलाच तर तो वजनकाट्याच्या चुकीत बसेल इतपत असतो.

वहिनींनी शांतपणे ऐकून घेतले. थोडा विचार करून त्या म्हणाल्या, "भाऊजी, ह्याच्या आधी मी दुसरी एक डबी घेतली होती. पूर्ण संपवली, पण तसूभर फरक पडला नाही."

"मग ती अस्सल असण्याचा संभव बराच आहे," मी म्हणालो.

"बघा, मला वाटलंच होतं," असे म्हणत त्यांनी फोन हातात घेतला आणि तीच डबी पुन्हा मागवली. या वेळी दोन, कारण दोनवर सूट होती.